ग्रेड दिला, टेकू कोण देणार?

भर पावसात सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे निघालेल्या माणसाला दादाभाई नौरोजी रस्त्यावर बराच वेळ छत्री उघडावी लागत नाही. डोक्यावर कमानींची ओसरी असते आणि तो एका इमारतीखालून दुसऱ्या इमारतीखाली चालत राहतो. या इमारती काही एकसारख्या नाहीत. कुठे गॉथिक धाटणीची टोकदार कमान, कुठे ग्रीक वळणाचे खांब, मध्येच एखादी पारशी अग्यारी. मालक वेगळे, वास्तुरचनाकार वेगळे, बांधणीची सालेही वेगळी. तरीही रस्ता एकसंध दिसतो, कारण १८९६ च्या एका नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवणे बंधनकारक केले होते.

मुंबईचा बराचसा वारसा असा नियमांनी घडवलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. रस्ते किती रुंद, दोन इमारतींत अंतर किती, मजले किती, हे सारे आधी ठरले आणि मग घरे उठली. मरीन ड्राइव्हच्या इमारती एका उंचीच्या रांगेत उभ्या आहेत, त्याही बॅकबे योजनेच्या बांधकाम अटींमुळे. आज ज्याला आपण शहराचा चेहरा म्हणतो, तो एके काळी नगररचनेच्या फायलींत लिहिला गेला होता.

म्हणूनच तो चेहरा टिकणार की पुसला जाणार, हेही त्या फायलींतच ठरते. वारसा वाचवण्याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा भावनेच्या पातळीवर होते. एका बाजूला ‘आपला इतिहास’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘आम्ही काय मोडक्या घरात मरायचे का?’ म्हणणारे. निर्णय मात्र चटई क्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे एफएसआयच्या कोष्टकात होतो. मुंबईत गेली तीस वर्षे या कोष्टकाचे दोन रकाने एकमेकांच्या विरोधात काम करत आहेत. एक रकाना इमारतीला वारसा म्हणून मान देतो. दुसरा तीच इमारत पाडणाऱ्याला बक्षीस देतो.

नगररचनेच्या नियमांतून जुनी वस्ती जपण्याची कल्पना आपली नाही, पण जुनी आहे. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्येच जुन्या वस्तीसाठी वेगळा झोन आखला आणि त्यातल्या बांधकामांवर नजर ठेवायला मंडळ नेमले. न्यूयॉर्कला मात्र जाग येण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. १९१० मध्ये सुरू झालेले भव्य पेन्सिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतले गेले आणि नागरिकांच्या संतापातून १९६५ मध्ये तिथे लँडमार्क कायदा झाला. आज त्या शहरात ३७ हजारांहून अधिक वास्तू त्या कायद्याखाली संरक्षित आहेत.

या कायद्याची खरी परीक्षा ग्रँड सेंट्रल स्टेशनवर झाली. १९६७ मध्ये ते लँडमार्क ठरले. मालक असलेल्या रेल्वे कंपनीला त्यावर ५५ मजली मनोरा उभारायचा होता. परवानगी नाकारली गेली, कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या. स्टेशन स्टेशन म्हणून चालवून मालकाला वाजवी उत्पन्न मिळू शकते. शिवाय स्टेशनच्या डोक्यावरचे न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळपासच्या भूखंडांवर नेण्याची मुभा शहराने दिलेली आहे. या हक्कांना आपण टीडीआर म्हणतो. संरक्षणाचा भार मालकाच्या एकट्याच्या खांद्यावर टाकलेला नाही, हे न्यायालयाला दिसले, आणि शहराची बाजू उभी राहण्यात त्याचा वाटा होता.

मुंबईने १९९५ मध्ये हेच सूत्र उचलले. त्या वर्षी एप्रिलमध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ६७ वा नियम आला आणि नगररचनेच्या कायद्यातून वारसा जपणारे मुंबई हे देशातले अगदी पहिल्या शहरांपैकी एक ठरले. केंद्र सरकारचे पुरातत्त्व खाते किल्ले, लेणी, मंदिरे सांभाळते. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण आहे. पण ज्या इमारतीत दुकान चालते, बँक चालते, कुटुंब राहते, तिचे काय? तिथे पुरातत्त्व खाते पोहोचत नाही. शहराच्या नियमावलीने ती पोकळी भरली.

सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले. त्यांची तीन श्रेणींत विभागणी झाली. पहिल्या श्रेणीत सीएसएमटी किंवा उच्च न्यायालयासारख्या वास्तू, ज्यांना आतून-बाहेरून हात लावायचा तर तो केवळ जतनासाठी. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे दोन-अ आणि दोन-ब मध्ये, आतले बदल चालतात, बाहेरचे रूप राखावे लागते. तिसऱ्या श्रेणीत त्या इमारती, ज्या एकेकट्या थोर नसतील, पण गल्लीचा स्वभाव त्यांच्यामुळे आहे. अर्ज तपासायला मुंबई पुरातन वारसा जतन समिती नेमली गेली. समितीचे मत आयुक्तांना बाजूला ठेवायचे असेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतील, अशी तजवीज झाली.

याची चांगली फळे शहराने चाखली आहेत. पुन्हा दादाभाई नौरोजी रस्ताच पाहावा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथल्या कमानी दुकानांच्या पाट्यांखाली गाडल्या गेल्या होत्या. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठी पाटी हवी होती, म्हणून कमानीच्या माथ्यावरचा दगड झाकून आडवे फलक ठोकले गेले होते. संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने पाट्यांसाठी साधे नियम ठरले. पाटी कमानीच्या आत बसली पाहिजे, कोरीव काम झाकले जाता कामा नये. दुकानदारांशी बोलणी झाली, एकेक फलक उतरला, मागे दडलेले दगडी नक्षीकाम पुन्हा दिसू लागले. धंदा कुणाचाच बुडाला नाही. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. त्याच वर्षी सीएसएमटी जागतिक वारसा यादीत गेले आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको अशा ९४ इमारतींचा समूहही गेला. १९९५ ची नियमावली नसती, तर युनेस्कोपुढे संरक्षणाची हमी म्हणून ठेवायला शहराकडे फारसे काही नसते.

मग घोडे अडले कुठे? ते गिरगावात, काळबादेवीत, भुलेश्वरात अडले.

दक्षिण मुंबईच्या जुन्या चाळींची कहाणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महिन्याला हॉटेलातल्या एका जेवणाइतकेही भाडे न मिळणाऱ्या मालकाने दुरुस्ती सोडून दिली. इमारती कोसळू लागल्या, म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. मंडळाला उपकर भरणाऱ्या १९,६४२ इमारती तेव्हा नोंदल्या गेल्या. तेव्हापासून ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द गिरगावातल्या प्रत्येक घरात रुजला. मंडळाची दुरुस्ती अनेकदा लोखंडी किंवा लाकडी टेकूंवर थांबते. जिन्याखाली टेकू, गॅलरीखाली टेकू, खोलीच्या मधोमध टेकू. दहा बाय बाराची खोली, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे पाण्यासाठी उठायचे. म्हातारपणी ते तीन मजले चढणे म्हणजे शिक्षाच. अशा घरात राहणाऱ्याला कोरीव लाकडी कठड्याचे कौतुक सांगायला जाणे बरे नव्हे.

या रहिवाशांसाठी नियमावलीतच दुसरी वाट होती, नियम ३३(७). उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली, तर जमिनीच्या तीनपट एफएसआय, किंवा पुनर्वसनाला लागेल तेवढा आणि त्यावर प्रोत्साहनपर वाढीव एफएसआय, यांपैकी जो जास्त तो मिळतो. भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर फुकट मिळते. बिल्डर उरलेले विकतो. योजनेचा हेतू चांगलाच आहे. तो नाकारणे म्हणजे हजारो कुटुंबांना टेकूंखाली ठेवणे.

आता ही दोन कोष्टके शेजारी ठेवून पाहू. समजा, ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर ११०० चौरस मीटरची जुनी चाळ उभी आहे. बेट शहराचा मूळ एफएसआय १.३३, म्हणजे हक्क ६६५ मीटरांचा. जुन्या काळी हे बंधन नसल्याने चाळीने तो कधीच ओलांडला आहे. १९९५ च्या वारसा नियमाने मालकाला भरपाई म्हणून टीडीआर देऊ केला होता, पण तो न वापरलेल्या एफएसआयचा. इथे न वापरलेले काही उरलेलेच नाही. म्हणजे भरपाई शून्य. तीच चाळ पाडली, तर निदान १५०० मीटरांचे बांधकाम हाती येते. जपले तर शून्य, पाडले तर चारशे मीटर वर आणि प्रत्येक भाडेकरूला स्वतःचे संडास-न्हाणीघर असलेला फ्लॅट. ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावर मोकळ्या हक्कांचे आभाळ होते. गिरगावच्या चाळीच्या डोक्यावर काहीच नव्हते. न्यूयॉर्कचे औषध मुंबईने घेतले खरे, पण रोग वेगळा होता.

सरकारलाही ही ओढाताण कळत होती. त्याने गणित दुरुस्त करण्याऐवजी संरक्षणच ढिले केले. १९९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या परवानगीतून सूट दिली गेली. दक्षिण मुंबईतल्या वारसा गल्ल्यांचा मोठा हिस्सा अशाच इमारतींनी बनला आहे, म्हणजे ज्या इमारतींमुळे गल्लीला ओळख होती, त्याच उघड्या पडल्या.

खोताचीवाडी हे त्याचे सर्वांत डोळ्यांत भरणारे उदाहरण. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभू खोताने इथले भूखंड ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि पोर्तुगीज वळणाची लाकडी, ओसरीची, बाहेरून जिना असलेली टुमदार घरे उभी राहिली. गिरगावच्या गजबजाटातून आत शिरताच आवाज एकदम कमी होतो, असे ते गाव. एके काळी ६५ च्या आसपास असलेली ही घरे आता तिशीच्याही खाली आली आहेत. घरे एकेक करून गेली आणि त्यांच्या जागी व आजूबाजूला उंच इमारती आल्या. एखादे घर वाचवूनही काही उपयोग नाही, जर त्याच्या खिडकीसमोर पार्किंगचे सात मजले उभे राहणार असतील. वाडी ही वाडी म्हणून राखायची, तर नियमही वाडीचा हवा: किती उंची, रस्त्यापासून किती अंतर, ओसरीची रेघ कुठे. एकेका घराला बिल्ला लावून ते साधत नाही.

संरक्षणाची भीती किती खोल गेली आहे, हे २०१२ मध्ये दिसले. त्या जुलैमध्ये नऊशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची नवी यादी हरकतींसाठी जाहीर झाली. त्यात दादरचा शिवाजी पार्क परिसरही होता. कमी उंचीच्या इमारती, गोलाकार गॅलऱ्या, झाडांचे रस्ते, मधोमध मैदान. शहराला अभिमान वाटावा असा हा परिसर. तरीही रहिवाशांतून मोठा विरोध झाला आणि राजकीय पक्षही त्या विरोधाच्या बाजूने उभे राहिले. त्यांना मैदानावर प्रेम नव्हते का? होतेच. पण ‘हेरिटेज’ हा शिक्का बसला की पुनर्विकास अडणार, लिफ्ट येणार नाही, मुलांना जागा पुरणार नाही, अशीच त्यांची समजूत होती, आणि तोवरच्या अनुभवाने ती समजूत चुकीची ठरवली नव्हती. ओव्हलच्या कडेला रहिवाशांनीच युनेस्कोसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तिथे प्रशस्त फ्लॅट होते आणि जपणे परवडणारे होते. शिवाजी पार्कच्या दोन खोल्यांच्या घराला तेच परवडण्यासारखे व्हावे, याची कुठलीही तजवीज यादीबरोबर आली नव्हती.

एस्प्लनेड मॅन्शनची गोष्ट याच्या पुढची. १८६० च्या दशकात काळा घोडा भागात उभी राहिलेली ही इमारत म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. वारशाच्या यादीत तिला दोन-अ श्रेणी आहे, आणि ती उपकरप्राप्तही आहे. दोन्ही बाजूंनी तिला कायद्याचे छत्र होते. तरीही २००५ मध्ये तिच्या गॅलऱ्यांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. जगातल्या धोक्यातील वास्तूंच्या २००६ च्या यादीतही तिचे नाव होते. मालक, भाडेकरू, म्हाडा, महापालिका आणि न्यायालय यांच्यात प्रश्न फिरत राहिला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली, संवर्धनतज्ज्ञांनी त्याला विरोध केला, आणि समोरच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांसह सगळ्यांना जागा रिकामी करावी लागली. ग्रेड होता, पैसा नव्हता. १९९५ च्या नियमात दुरुस्ती निधी उभारता येईल, अशी तरतूद होती. तो उभारलाच पाहिजे, असे बंधन नव्हते. सगळ्या यंत्रणेतली सर्वांत मोठी फट हीच.

आणि नियमाचे छत्र तरी कायमचे कुठे असते? हैदराबादनेही नव्वदच्या दशकातच झोनिंग नियमांतून वारसा इमारतींची यादी केली होती. पुढे तेलंगण सरकारने तो नियमच काढून टाकला. २०१९ मध्ये नवे विधानभवन बांधण्यासाठी सरकार इर्रम मंझिल हा एकोणिसाव्या शतकातला राजवाडा पाडायला निघाले, तेव्हा नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला. वाडा वाचला, तो न्यायालयामुळे. एका अधिसूचनेने येणारे संरक्षण दुसऱ्या अधिसूचनेने जाऊही शकते, हे महाराष्ट्रानेही लक्षात ठेवावे.

तेव्हा करायचे काय? अहमदाबादने एक दिशा दाखवली आहे. तिथल्या महापालिकेने जुन्या शहरातील पोळांमधल्या, म्हणजे दाट गल्लीवस्त्यांमधल्या, नोंदलेल्या घरांच्या मालकांना टीडीआर देण्याचा मार्ग स्वीकारला आहे, जेणेकरून तो विकून दुरुस्तीचा खर्च निघावा. मुंबईत याहून एक पाऊल पुढे जायला हवे, कारण इथे मालकाबरोबर भाडेकरूही आहे.

पहिली गोष्ट, भरपाई मोजण्याची पद्धत बदलली पाहिजे. जपणाऱ्याचे नुकसान म्हणजे पाडल्यावर जे मिळाले असते आणि जपल्यावर जे उरते, त्यांतला फरक. टीडीआर तेवढाच मिळावा, आणि एकदम हातात न पडता दुरुस्तीच्या टप्प्यांनुसार मिळावा. छप्पर झाले, एक हप्ता. सांगाडा मजबूत झाला, दुसरा. त्या पैशाचा ठरावीक भाग भाडेकरूंच्या खोल्यांत स्वतंत्र संडास, पाणी, वायरिंग आणि शक्य तिथे लिफ्ट यांवर खर्च करणे बंधनकारक असावे. चाळीचे रूप राखून आत सुखाने राहता येते, हे एकदा दहा इमारतींत दिसले की अकराव्या चाळीचे रहिवासी स्वतःहून विचारायला येतील.

दुसरी गोष्ट, निधी. वाढीव बांधकामाच्या परवानग्यांवर महापालिका आणि सरकार मोठ्या रकमा प्रीमियम म्हणून घेतात. ज्या शहराची आकाशरेषा विकून हा पैसा येतो, त्याच शहराच्या जुन्या इमारती सांभाळायला त्यातला निश्चित हिस्सा कायद्याने बाजूला काढला जावा. तो अंदाजपत्रकाच्या कृपेवर सोडू नये.

तिसरी गोष्ट, परिसराचे नियम आधी आणि यादी नंतर. शिवाजी पार्क असो, गिरगाव असो की पुण्यातल्या पेठांतली वाड्यांची गल्ली, रहिवाशांना आधी हे कळले पाहिजे की काय बदलता येईल. किती मजले चढतील, कोणती रेघ राखायची, लिफ्टचा शाफ्ट कुठे बसेल, अर्जावर किती दिवसांत उत्तर मिळेल. पुण्यात पेठांमधले वाडे अपार्टमेंटला जागा देत गेले, त्याला अशी स्पष्टता नसणे हेही कारण होते. काय करता येईल हे न सांगता केवळ काय करता येणार नाही याची यादी टांगली, तर तिच्याविरुद्ध मोर्चा निघणारच.

आणि १९९९ ची सूट. हे तीन बदल झाले, तर ती ठेवायला काही कारण उरत नाही. तिसऱ्या श्रेणीतली उपकरप्राप्त इमारतही समितीपुढे यावी, मात्र समितीने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा आणि निर्णयाबरोबरच दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हेही कागदावर मांडावे. सध्याच्या विकास आराखड्याचे २०३४ हे वर्ष फार दूर नाही. पुढच्या आराखड्याचे काम त्याच्या बरेच आधी सुरू होईल. तोवर थांबण्याची गरजही नाही, कारण नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली नियमावलीत बदल करण्याचा मार्ग खुला आहे. १९९५ चा वारसा नियम नियमावलीत आला, तोही अशाच दुरुस्तीने.